महापालिकांत सभागृह परत आलं. आता इतिवृत्त आणि ‘ऐनवेळचे विषय’ यांचं काय?

खामकाठ

१५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं आणि मराठवाड्यातल्या पाचही महापालिकांत नगरसेवक बसले. छत्रपती संभाजीनगरात एप्रिल २०२० पासून प्रशासक होता. लातूर आणि परभणीत २०२२ पासून, नांदेडातही त्याच वर्षापासून. जालना २०२३ मध्ये महापालिका झाली, तिथं तर हे पहिलंच सभागृह.

प्रशासकाच्या काळात काय होतं ते सगळ्यांनी नीट समजून घ्यायला हवं. आयुक्त म्हणून प्रस्ताव ठेवणारा, स्थायी समिती म्हणून तो तपासणारा आणि सर्वसाधारण सभा म्हणून मंजूर करणारा माणूस एकच असतो. काही अधिकाऱ्यांनी या काळात चांगली कामं केली, ते मी नाकारत नाही. पण ज्याच्याशी वाद घालायला समोर कुणीच नाही, असा कारभार शहराने इतकी वर्षं पाहिला. सभागृहच नव्हतं म्हणून चर्चा नव्हती, आणि चर्चाच नव्हती म्हणून पत्रकारांनाही ठराव झाल्यावरच कळायचं.

आमच्या संभाजीनगरची पाणी योजना घ्या. २०२० मध्ये १६८० कोटींची म्हणून भूमिपूजन झालं, पुढे आकडा २७४० कोटींवर गेला. जायकवाडीत पाणी आहे आणि गल्लीत नळ कोरडा आहे. काम कुठवर आलं हे लोकांना कळतं ते उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातल्या सुनावणीच्या बातम्यांतून. ज्या माहितीसाठी न्यायमूर्तींना विचारावं लागतं, ती माहिती पालिकेच्या फळ्यावर का नसावी?

आता नवीन सभागृह आलंय. हार-तुरे चालू आहेत, गटनेते ठरतायत. याच काळात सभागृहाला सवयी लागतात. म्हणून माझं म्हणणं एवढंच की, रस्ते-गटारं मागायच्या आधी एक ठराव मागू. सभेची विषयपत्रिका टिपणीसकट, म्हणजे प्रत्येक विषयाची माहिती देणाऱ्या प्रशासनाच्या कागदासकट, आधी लोकांपुढे यावी, सभेनंतर ठराविक मुदतीत इतिवृत्त, म्हणजे सभेत काय झालं याची अधिकृत नोंद यावी, आणि ऐनवेळचे, म्हणजे विषयपत्रिकेत नसताना घुसवलेले विषय बंद व्हावेत. तीनच गोष्टी. यावर आपापल्या गावचा अनुभव लिहा. जमलं तर सगळ्यांनी मिळून एक निवेदन तयार करू.

मांजरापट्टा

दादा, म्हणणं बराबर हाय तुमचं. पण लोकाला इतिवृत्त नको, टँकर पायजे. २०१६ ला आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलतं. त्या टायमाला कुनी विषयपत्रिका वाचायलं नव्हतं, घागरी घेऊन लायनीत हुते लोक. हे शिकल्या-सवरल्यांचं काम हाय म्हनत्यात लोक आमच्याकडं. मी काय इरोधात नाही, पण हे गल्लीत समजून सांगायचं कसं, ते बी लिहा.

सभालिपिक_निवृत्त

मी एका नगरपरिषदेत आयुष्य काढलं, त्यातली बरीच वर्षं सभा विभागात. गावाचं नाव लिहीत नाही, माझे सहकारी अजून नोकरीत आहेत. मांजरापट्टा यांनी विचारलंय की गल्लीत कसं सांगायचं. मी फक्त ऐनवेळचा विषय म्हणजे काय ते सांगतो, मग तुम्हीच ठरवा ते गल्लीचं काम आहे की नाही.

कायद्याने सभेची नोटीस आणि विषयपत्रिका सदस्यांना काही दिवस आधी द्यावीच लागते. हेतू सरळ आहे. सदस्याने ती वाचावी, प्रभागात विचारावं, जागा पाहून यावं. नोटिशीत नसलेला विषय घ्यायचा तो अपवाद म्हणून, खरोखर तातडीचा असेल तर. म्हणजे पूर आला, साथ आली, जलवाहिनी फुटली.

प्रत्यक्षात व्हायचं असं. विषयपत्रिकेवर वीस विषय. त्यातले पहिले दोन-तीन वादाचे, त्यांच्यावर आरडाओरड, कुणी माईक ओढतं, कुणी राजदंडाकडे धावतं. उरलेले विषय ‘मंजूर, मंजूर’ म्हणत पाच मिनिटांत संपतात. शेवटी पत्रिकेवर एक ओळ छापलेली असते: ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. तेवढ्यात राष्ट्रगीत सुरू होतं. सदस्य बाहेर पडतात, चहा घेतात, गाड्या निघतात.

मग आठवड्या-दोन आठवड्यांनी इतिवृत्त लिहायला बसायचं, आणि त्या एका ओळीखाली कागद यायला लागायचे. बाग-मैदानासाठी राखीव असलेला अमुक भूखंड, तमुक व्यापारी संकुलातले गाळे वाढीव मुदतीने, एखाद्या ठेकेदाराला मुदतवाढ. सूचक कोण, अनुमोदक कोण, हेही चिठ्ठीवर लिहून यायचं. सभेत ज्या विषयाचा शब्दही निघाला नाही, तो ‘सर्वानुमते मंजूर’ होऊन बसायचा. पुढच्या सभेत आधीच्या सभेचं इतिवृत्त कायम करायचा विषय पहिलाच असतो, तो कुणी वाचत नाही. एकदा कायम झालं की तो ठराव झाला.

तुम्ही म्हणाल, कोणी तक्रार करत नव्हतं? करायचे. नगरपरिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी थांबवायचा अधिकार नगरपरिषद कायद्याच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांना आहे, महापालिकेचा ठराव महापालिका कायद्याच्या कलम ४५१ खाली शासन निलंबित किंवा विखंडित म्हणजे रद्द करू शकतं. पण त्यासाठी आधी ठराव झाला हे कळायला हवं ना! माणसाला कळायचं ते त्याच्या घरामागच्या मोकळ्या जागेवर पाया खोदायला घेतला की. तेव्हा उशीर झालेला असायचा.

गल्लीत सांगायचं ते हेच. तुमच्या मुलांची खेळायची जागा ऐनवेळच्या विषयात गेली.

मांजरापट्टा

काका, असं सांगितलं तर समजंल. आमच्या गल्लीतली बागेची जागा डोळ्यापुढं आली.

स्टीलनगरी

जालन्यातून. आमच्याकडे एका वेगळ्या बाजूने विचार व्हायला हवा, कारण आमच्या शहराचा कायदाच बदलला.

नगरपरिषद होतो तोवर १९६५ चा नगरपरिषद अधिनियम लागू होता. २०२३ पासून १९४९ चा महानगरपालिका अधिनियम लागू झाला. मुख्याधिकारी गेले, आयुक्त आले. थेट लोकांनी निवडलेला नगराध्यक्ष गेला, आता नगरसेवक आपल्यातून महापौर निवडणार, तोही अडीच वर्षांसाठी. १६ जणांची स्थायी समिती आली, जिच्याकडे पैशाच्या चाव्या असतात आणि जिचे निम्मे सदस्य दरवर्षी निवृत्त होतात. शहर कसं चालणार याचा सगळा साचाच पालटला. हे होताना शासनाने अधिसूचनेवर हरकती आणि सूचना मागवल्या, तेवढा एक कागद निघाला. त्या वेळी नगरपरिषदेत निवडून आलेले सदस्यही नव्हते. तीन लाखांच्या आसपासचं शहर, आणि जाहीर सुनावणी म्हणावी अशी एकही बैठक माझ्या ऐकण्यात नाही.

मी महापालिकेच्या विरोधात नाही. निधी वाढेल, अधिकारी वाढतील, हे बरंच आहे. पण घरपट्टी बदलणार, बांधकाम परवानगीची पद्धत बदलणार, आसपासच्या गावांना उद्या हद्दीत घेतलं तर त्यांची ग्रामसभा जाणार. हे घराघरात कुणी समजावलं नाही. ग्रामसभेत माणूस उठून सरपंचाला विचारतो, पैसे कुठं गेले. शहरात आलं की तो हक्क कुठे जातो?

उदगीर_ते_पोर्टलंड

मी मूळचा उदगीरचा, सध्या अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये. स्टीलनगरी यांनी लिहिलंय तसाच बदल इथे नुकताच झाला, म्हणून लिहितोय.

इथे बहुतेक शहरांची स्वतःची घटना असते, तिला चार्टर म्हणतात. १९१३ पासून पोर्टलंडमध्ये अशी रीत होती की निवडून आलेले सदस्यच एकेक खातं चालवायचे. पाणी एकाकडे, रस्ते दुसऱ्याकडे. खातं आपलं म्हटल्यावर दुसऱ्याच्या खात्यावर बोट ठेवायला कुणी धजायचं नाही. हे बदलायचं तर चार्टर बदलावं लागतं. त्यासाठी दर दहा वर्षांनी किमान एकदा नागरिकांचा २० जणांचा आयोग नेमला जातो. या वेळच्या आयोगाने लोकांच्या बैठका घेतल्या, लेखी म्हणणी मागवली, मसुदे लोकांपुढे ठेवले. २० पैकी १७ जणांनी बाजूने मत दिलं, आणि पुरेसं बहुमत असल्याने प्रस्ताव थेट मतपत्रिकेवर गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांनी मत देऊन तो मंजूर केला. आता चार प्रभाग, प्रत्येकी तीन सदस्य, असे १२ जण आणि वेगळा महापौर. खाती चालवायला नेमलेला प्रशासकीय अधिकारी, सदस्यांनी धोरण ठरवायचं आणि देखरेख ठेवायची. मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो. नव्या पद्धतीची पहिली निवडणूक २०२४ मध्ये झाली.

सगळं गोड नाही. नवीन पद्धत खर्चिक आहे म्हणून टीका होते, सभा लांबतात. पण मला जे भिडलं ते असं की, माझा शेजारी, जो ट्रक चालवतो, तो मला बहुसदस्यीय प्रभागाचे फायदे-तोटे समजावून सांगत होता. कारण त्याला त्यावर मत द्यायचं होतं. आपल्याकडे लातूरला २०१७ मध्ये चार सदस्यांचा प्रभाग आला तेव्हा माझ्या मामांना मतदान केंद्रावर गेल्यावर कळलं की चार बटणं दाबायची आहेत.

कायदेवाचक

उदगीरकर, माहिती चांगली दिलीत. फक्त एक फरक स्पष्ट करतो, नाहीतर लोक चुकीच्या दारावर धडका देतील.

आपल्या शहरांना स्वतःची घटना नाही. मुंबईचा १८८८ चा वेगळा कायदा सोडला तर पुण्यापासून परभणीपर्यंत सगळ्या महापालिका १९४९ च्या एकाच अधिनियमाखाली आहेत. मराठवाडा निजामाच्या राज्यातून आला, त्यामुळे इथल्या नगरपालिकांना सुरुवातीला हैदराबाद राज्याचे कायदे होते. १९६५ च्या अधिनियमाने ते संपवून राज्यभर एकच कायदा केला. तेव्हापासून आपल्या शहरांच्या साच्यात जो बदल होतो तो विधिमंडळात होतो, पुष्कळदा आधी अध्यादेशाने.

आणि बदल किती वेळा होतो ते पाहा. नगराध्यक्ष २००१ मध्ये थेट जनतेतून, २००६ मध्ये ते बंद, २०१६ मध्ये पुन्हा थेट, २०२० मध्ये पुन्हा नगरसेवकांतून, २०२२ मध्ये पुन्हा थेट. महापालिकांचे प्रभाग २००२ मध्ये तीन सदस्यांचे, २००७ मध्ये एकाचे, २०१२ मध्ये दोघांचे, २०१७ मध्ये चौघांचे. त्यानंतर कायद्यात एक, मग तीन, मग पुन्हा चार. सरकार बदललं की शहराचा साचा बदलतो, यात पक्षाचा भेद नाही, सगळ्यांनीच केलंय. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ ला लागू झाली तेव्हा म्हटलं गेलं की शहरं ही शासनाची तिसरी पातळी. शेजारच्या घरात भाडेकरू बदलावा तसा ज्या पातळीचा कायदा दुसरे कुणी बदलतं, ती पातळी कसली?

तरीही निराश व्हायचं कारण नाही. खामकाठ यांनी मागितलेल्या तिन्ही गोष्टींसाठी विधिमंडळाची गरज नाही. विषयपत्रिका आणि इतिवृत्त संकेतस्थळावर टाकायला कोणता कायदा अडवतो? उलट माहिती अधिकार अधिनियम २००५ चं कलम ४ सांगतं की न मागता जाहीर करा. कलम ४ (१) (ख) मध्ये १७ मुद्दे आहेत. त्यात अंदाजपत्रक आहे, सवलती आणि परवाने कुणाला दिले ते आहे, आणि समित्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का, त्यांची इतिवृत्तं लोकांना मिळतात का, हेही आहे. ऐनवेळचे विषय न घेण्याचा निर्णय महापौर किंवा नगराध्यक्ष पीठावर बसून स्वतः घेऊ शकतात. परवानगी त्यांचीच असते.

एक जोडतो. आयुक्तांच्या तातडीच्या अधिकाराखाली, म्हणजे ६७ (३) (क) खाली झालेल्या कामांची यादीही मागा. कायद्यानेच त्यांना ती नंतर स्थायी समितीपुढे ठेवावी लागते. ती कुठे ठेवली जाते ते लोकांनी पाहिलं पाहिजे.

बालाघाटची_लेक

नमस्कार. मी शिक्षिका आहे, छोट्या गावात राहते. माझ्या अनुभवातून सांगते, अर्ज करून थकलेल्यांसाठी.

आमच्या गल्लीतला सिमेंट रस्ता एका पावसात उखडला. मी माहिती अधिकारात अर्ज केला. उत्तर आलं, ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे.’ पहिलं अपील केलं, सुनावणीची तारीख सुनावणी झाल्यावर टपालाने आली. दुसरं अपील आयोगाकडे पडून आहे. मग एका वकीलबाईंनी मार्ग सांगितला. राज्य शासनाचं २०१८ चं परिपत्रक आहे, स्थानिक स्वराज्य संस्था आणि जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहू द्यायचे. पुणे महापालिकेत ही पद्धत आधीपासून होती, तिथून ती राज्यभर आली.

मी परिपत्रकाची प्रत घेऊन गेले. पहिल्यांदा ‘साहेब नाहीत’ झालं. पुढच्या सोमवारी शाळेतल्या दोघी मैत्रिणींना सोबत नेलं, तेव्हा फाईल बाहेर आली. त्यात अंदाजपत्रक होतं, कार्यादेश होता आणि मोजमाप पुस्तिका होती. मोजमाप पुस्तिकाच महत्त्वाची, लक्षात ठेवा. लांबी, रुंदी, जाडी, कुणी मोजलं, कोणत्या तारखेला. आम्ही जाडीचा आकडा उतरवून घेतला आणि गल्लीत येऊन उखडलेल्या कडेला पट्टी लावली. दोन आकडे जुळेनात. त्यावर आम्ही लेखी तक्रार दिली, फोटो जोडले. दोषदायित्वाची मुदत, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वतः दुरुस्त करायची मुदत, संपली नव्हती. ठेकेदाराने रस्ता पुन्हा करून दिला.

अजून एक. एकच रस्ता तीन तुकड्यांत तीन वेगळी कामं म्हणून दाखवला होता. ज्या रकमेपुढे ऑनलाइन निविदा काढावी लागते ती ई-निविदेची मर्यादा चुकवायची ही जुनी वाट आहे. फाईल एकत्र पाहिल्या तरच ती दिसते, एकेका अर्जाने दिसत नाही. आपल्या राज्याच्या नियमाने अर्जात एकच विषय आणि १५० शब्द लिहिता येतात, म्हणून तर सोमवारी स्वतः जाऊन बसणं जास्त उपयोगी. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २ (ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे.

ताईंनो, तुम्हाला विशेष सांगते. गटाने जा. बचत गटाची बैठक सोमवारी ठेवा आणि तिथून पालिकेत जा.

गोदातीर

ताई, फार उपयोगाचं लिहिलंत. आमच्याकडे आता नवीन कारण सांगायला लागलेत: ‘वैयक्तिक माहिती आहे, देता येत नाही.’ वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८ (१) (ञ) बदललं, तेव्हापासून ठेकेदाराचं नावही वैयक्तिक म्हणतात.

कायदेवाचक

कलम ८ (२) शाबूत आहे. लोकहित जास्त असेल तर सूट दिलेली माहितीही देता येते. अर्जात आणि अपिलात ते कलम लिहा. आणि सार्वजनिक पैशाचं देयक ज्याला गेलं त्याचं नाव ही कुणाची खासगी बाब नाही, हे सुनावणीत ठामपणे मांडा.

गोदातीर

धन्यवाद. स्टीलनगरी यांनी विचारलं होतं, शहरात ग्रामसभेचा हक्क कुठे जातो. कागदावर तो आहे. महानगरपालिका अधिनियमात २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद घातली गेली. काही मतदान केंद्रांचं मिळून एक क्षेत्र, तिथल्या मतदारांची सभा, नगरसेवकाने ती घ्यायची, कामांचा अग्रक्रम तिथे ठरवायचा. माझ्या आठवणीत आमच्या भागात अशी सभा झालेली नाही. चार नगरसेवकांचा प्रभाग झाल्यापासून तर सभा कुणी बोलवायची यावरच ढकलाढकल होईल. निवेदनात चौथी मागणी म्हणून क्षेत्रसभा घाला. गणपती मंडळांच्या मांडवात, समाजमंदिरात, कुठेही घेता येते.

नवी_पाटी

मी गप्प वाचत होते. आमच्या वहिनी या वेळी निवडून आल्या आहेत, कोणत्या महापालिकेत ते सांगत नाही. पहिल्या सभेची विषयपत्रिका घरी आली. त्यातल्या निम्म्या विषयांपुढे फक्त ‘प्रशासकीय प्रस्तावानुसार निर्णय घेणे’ एवढंच. टिपणी जोडलेली नाही. वहिनी हुशार आहेत, बारावीला गणितात पहिल्या होत्या. पण कशावर हात वर करायचा तेच कळत नाही. घरातले पुरुष म्हणतात, गटनेते सांगतील तसं करा. तुमची मागणी फक्त नागरिकांसाठी नाही हो. नव्या नगरसेविकांनाही तिचीच गरज आहे. टिपणी लोकांना मिळाली तर आम्हालाही मिळेल.

सभालिपिक_निवृत्त

बाईसाहेब, वहिनींना सांगा, नगरसचिवांच्या नावे लेखी पत्र द्यायचं: ‘विषय क्रमांक अमुकची टिपणी मिळाल्याशिवाय मी त्यावर मत देऊ शकत नाही, हे इतिवृत्तात नोंदवावं.’ पत्राची पोच घ्यायची. सभेत विरोध असेल तर ‘माझा विरोध नावासह नोंदवा’ असं उभं राहून मोठ्याने म्हणायचं. आणि पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करायच्या विषयाला आपलं नाव आलंय का ते वाचल्याशिवाय बसायचं नाही. माझ्या काळात हे करणारी एकच सदस्या होती. तिच्या प्रभागातला ऐनवेळचा विषय लिहायला कुणाची छाती होत नव्हती.

नवी_पाटी

काका, हे वहिनींना जसंच्या तसं वाचून दाखवते. फार आभार.

मांजरापट्टा

काका, अजून एक इचारतो. सभा बगायला आपल्याला आत सोडतेत का? आमच्या पोरांनी जायचं म्हटलं तर?

सभालिपिक_निवृत्त

सोडायलाच हवं. सर्वसाधारण सभा जनतेला खुली असते, प्रेक्षागृह त्यासाठीच असतं. आदल्या दिवशी नगरसचिव कार्यालयात जाऊन पास मागा, ओळखपत्र न्या. आत गेल्यावर बोलायचं नाही, घोषणा नाहीत. वही न्या आणि विषय क्रमांकापुढे काय झालं ते लिहा. ऐनवेळचे विषय पुकारले का, किती पुकारले, हे वेळेसकट लिहून ठेवा. इतिवृत्त हाती येईल तेव्हा तीच वही पुरावा होते.

खामकाठ

इतकं भरीव येईल असं वाटलं नव्हतं. निवेदनाचा मसुदा इथे टाकतो, दुरुस्त्या सुचवा.

‘मा. महापौर, आम्ही या शहराचे करदाते नागरिक विनंती करतो की, येत्या सर्वसाधारण सभेत पुढीलप्रमाणे ठराव घ्यावा. सभेची विषयपत्रिका सर्व टिपण्यांसह, सदस्यांना देतात त्याच दिवशी, संकेतस्थळावर आणि प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावावी. सभेचं इतिवृत्त पुढच्या सभेच्या नोटिशीआधी त्याच ठिकाणी प्रसिद्ध करावं, त्यात प्रत्येक ठरावाचा सूचक, अनुमोदक आणि विरोध नोंदवणारे यांची नावं असावीत. नैसर्गिक आपत्ती, साथ आणि पाणीपुरवठ्यातील तातडीखेरीज कोणताही विषय ऐनवेळी घेऊ नये, आणि घेतला तर तो सभेत पूर्ण वाचून दाखवावा. कलम ६७ (३) (क) खाली केलेल्या कामांची यादी दर महिन्याला प्रसिद्ध करावी. प्रत्येक प्रभागात क्षेत्रसभा घ्याव्यात. सभेचं चित्रीकरण थेट दाखवावं आणि जपून ठेवावं.’

मी हे संभाजीनगरात महापौर, सर्व गटनेते आणि आयुक्त यांना देतोय, प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेणार. आपल्या भागातल्या चारही नगरसेवकांची त्यावर सही मागणार आहे. कोणी सही केली, कोणी नाही, ते इथे लिहीन.

स्टीलनगरी

जालन्यात मी आणि दोन व्यापारी मित्र देतोय. एक दुरुस्ती: ‘हद्दवाढीचा किंवा करपद्धतीतील बदलाचा प्रस्ताव शासनाकडे पाठवण्याआधी प्रत्येक प्रभागात जाहीर सुनावणी घ्यावी’ हे घाला.

खामकाठ

घातलं.

बालाघाटची_लेक

आमची नगरपरिषद आहे, डिसेंबर २०२५ मध्येच निवडणूक झाली. मसुद्यात काय बदलू?

कायदेवाचक

ताई, ‘मा. महापौर’ ऐवजी ‘मा. नगराध्यक्ष’, आयुक्तांऐवजी मुख्याधिकारी. ६७ (३) (क) आणि क्षेत्रसभेची ओळ काढा, ती महानगरपालिका अधिनियमातली आहे. प्रत जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नगरपालिका प्रशासन शाखेला द्या, कलम ३०८ चा अधिकार तिथून चालतो. नगराध्यक्ष थेट निवडून आलेत, तेव्हा त्यांना गटनेत्यांकडे बोट दाखवता येणार नाही. सगळ्यात आधी त्यांच्याकडेच जा.

बालाघाटची_लेक

ठीक. सोमवारी ३ ला तिथे जाणारच आहोत, तेव्हाच देतो.